एका गिअरची शाळा : सक्ती संपल्यावर उरलेला सराव

इतिहासावरच्या आपल्या गप्पांमध्ये राजे, लढाया आणि तह यांच्यावर आपण पुष्कळ बोलतो. आज एका साध्या वस्तूचा इतिहास पाहू. ती वस्तू म्हणजे एका गिअरची सायकल. तुम्ही नागपुरात असा, इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावात असा, ही सायकल तुमच्या घरात कधी ना कधी असणारच. आपल्याकडे ती गरजेची वस्तू. दूध, पेपर, शाळा, कारखाना, सगळं तिच्यावरच. पण जगातले मोठमोठे शर्यतपटू, ज्यांच्या दिमतीला उत्तमोत्तम गिअर होते, तेही हिवाळ्यात मुद्दाम एका गिअरच्या सायकलवर का बसत? आजचा प्रश्न हा आहे. आणि त्याच्या पोटात आणखी एक मोठा प्रश्न आहे : कष्ट माणसाला घडवतात की नुसतेच दमवतात?

आधी एक फरक समजून घेऊ, नाहीतर पुढे गोंधळ होईल. आपल्या नेहमीच्या सायकलला गिअर एकच असतो, पण मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. उतार लागला की आपण पाय थांबवतो, चाक फिरत राहतं आणि मागून तो ओळखीचा कटकट आवाज येतो. दुसरा प्रकार फिक्स्ड गिअरचा. त्यात मागचं दातेरी चक्र चाकाला पक्कं जखडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडल फिरतंय तोवर तुमचे पाय. विश्रांती नाही. लहान मुलांची तीनचाकी आठवा. तिचं पेडल थेट पुढच्या चाकाला असतं, म्हणून उतारावर पोराचे पाय गरगर फिरतात आणि शेवटी ते पाय उचलून घेतं. फिक्स्ड गिअरचं तत्त्व अगदी तेच.

सायकलचा जन्मही याच तत्त्वावर झाला. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये ती उंच चाकाची सायकल आली, पुढे प्रचंड मोठं चाक आणि मागे इवलंसं. पेडल पुढच्या चाकालाच. चाक जितकं मोठं, तितकं पेडलच्या एका फेरीत जास्त अंतर. म्हणून सायकलचा ‘दम’ चाकाच्या व्यासावरून, म्हणजे इंचांत मोजायची पद्धत पडली. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही साखळीची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी झाली, पण मोजमाप इंचांतच राहिलं. हिशेब सोपा आहे. पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. पुढे ४८, मागे १८ आणि चाक २७ इंची असेल तर गिअर झाला ७२ इंची. पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे पावणेसहा मीटर पुढे जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ३१ किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळू लागलं. सामान्य माणसाला हायसं वाटलं. शर्यतीच्या जगात मात्र कुरकुर सुरू झाली : पाय थांबवायची सोय म्हणजे आळशांची सोय! आणि या विचाराला जो माणूस सगळ्यात मोठा आवाज मिळवून देणार होता, त्याचं नाव आंरी देग्रांज.

देग्रांज हा मुळात ट्रॅकवरचा, म्हणजे गोल धावपट्टीवरचा सायकलपटू. ११ मे १८९३ रोजी पॅरिसमध्ये त्याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापलं. तासाभराच्या विक्रमाच्या अधिकृत यादीतली ही पहिली नोंद मानली जाते. पुढच्याच वर्षी त्याने तरुण सायकलपटूंसाठी सरावावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘डोकं आणि पाय’. नंतर तो ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचा संपादक झाला, आणि त्या दैनिकाचा खप वाढावा म्हणून १९०३ साली त्याने ‘टूर द फ्रान्स’ सुरू केली. पहिल्या शर्यतीत सहा टप्पे होते, एकूण २४२८ किलोमीटर. साठ जण निघाले, एकवीस पोचले. मोरिस गारँ जिंकला, तोही दुसऱ्या क्रमांकाला जवळजवळ तीन तास मागे टाकून.

देग्रांजचं म्हणणं स्पष्ट होतं. शर्यत माणसांची आहे, यंत्रांची नव्हे. ज्या दिवशी यंत्र माणसाला मदत करू लागेल, त्या दिवशी कोण किती कसदार हे कळायचं बंद होईल. ऐकायला हे पटतं. पण या तत्त्वाची किंमत कोण मोजत होतं तेही बघा.

१९१० साली टूर पहिल्यांदा पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांत नेली. लुशों ते बायोन असा ३२६ किलोमीटरचा एकच टप्पा, त्यात पेरसूर्द, आस्पँ, तूरमाले आणि ओबिस्क हे चार मोठे घाट. तूरमालेची उंची २११५ मीटर. रस्ते कच्चे, आणि सायकलवर बसल्या बसल्या गिअर बदलायची सोय नाही. ऑक्ताव्ह लापिझ हा टप्पा जिंकला, पण चढणीचा बराच भाग सायकल हातात धरून चालत. वाटेत आयोजकांची माणसं दिसली तेव्हा त्याने त्यांना खुनी म्हटलं, हा प्रसंग फ्रान्समध्ये आजही सांगितला जातो. त्याच वर्षी पुढे तो टूर जिंकलासुद्धा. म्हणजे तक्रार करणारा माणूस दुबळा होता असं म्हणायची सोय नाही.

तीन वर्षांनी युजेन क्रिस्तोफचा प्रसंग घडला. तूरमाले उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम होता. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत सँत मारी द कांपान या गावी पोचला, तिथल्या लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. पंच शेजारी उभे राहून बघत होते. भाता एका पोराने मारला, म्हणून त्याला वेळेचा दंड झाला! कसोटी म्हणून सुरू झालेला नियम कुठवर जाऊ शकतो, याचं हे उदाहरण.

मग त्या काळी शर्यतपटू चढ-उतार कसे काढत? त्यांनी एक युक्ती काढली होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांचं एकेक चक्र बसवायचं. सपाटीवर लहान चक्र. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं, साखळी ताणायची, नट आवळायचे आणि मोठ्या चक्रावर घाट चढायचा. माथ्यावर पुन्हा तेच. कोण कुठे थांबून चाक फिरवतो यावर शर्यतीचे निकाल लागत. प्रतिस्पर्धी उतरला की नेमका त्याच क्षणी हल्ला चढवायचा, हा तर डावपेचांचाच भाग होता.

आता याच काळातला दुसरा आवाज ऐका. सँत एतियेन या औद्योगिक गावात पॉल द व्हिव्ही नावाचा माणूस राहत होता. ‘वेलोसिओ’ हे त्याचं टोपणनाव. ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक तो चालवायचा आणि डोंगरातल्या लांबच लांब फेऱ्या स्वतः मारायचा. त्याचं म्हणणं अगदी साधं : माणसाच्या पायांची एक नैसर्गिक लय असते. चढ आला तर ती लय मोडू नये, यासाठी गिअर. यंत्र माणसाचा अपमान करत नाही, त्याची ताकद वाया जाण्यापासून वाचवतं. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने गिअर असलेल्या सायकलींची डोंगरात चाचणी घेतली. देग्रांजने आपल्या दैनिकात त्यावर टोमणा मारला. आशय असा, की असले गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, आम्हाला आपला एकच गिअर द्या.

टोमणा गाजला, आणि टिकलाही. गिअर बदलणारी यंत्रं दुकानांत मिळू लागली, हौशी प्रवासी ती वापरू लागले, आणि टूरमधले नामांकित व्यावसायिक मात्र चाकं उलटी करत राहिले. याच चाक उलटवण्याशी जोडलेली एक कथा इटलीतली आहे. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये क्रोचे दाउने या घाटात तुलिओ काम्पान्योलो नावाच्या तरुण शर्यतपटूची बोटं थंडीने इतकी बधिर झाली, की मागच्या चाकाचे नट सुटेनात. त्यातून पुढे एका खटक्यात चाक सोडवणारी त्याची प्रसिद्ध दांडी जन्माला आली, असं सांगतात. कथेच्या तपशिलांवर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. पण ती दांडी खरी, आणि तिच्यातून उभा राहिलेला कारखानाही खरा.

१९३६ साली आजारपणामुळे देग्रांज टूरपासून दूर झाला. १९३७ साली व्यावसायिकांना गिअर बदलणारं यंत्र, म्हणजे डिरेलर, वापरायची परवानगी मिळाली. त्या वर्षी रॉजे लापेबी डिरेलर लावून जिंकला. तेहेतीस वर्षांहून जास्त काळ धरून ठेवलेला बांध असा फुटला. मग एका गिअरची सायकल संग्रहालयात जायला हवी होती. नाही का?

पण गेली नाही. आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. शर्यतीतून हद्दपार झालेली फिक्स्ड गिअरची सायकल सरावात टिकून राहिली. फ्रान्स, बेल्जियम, इटलीतले रस्त्यावरचे शर्यतपटू पुढची अनेक दशकं हंगामाची सुरुवात लहान फिक्स्ड गिअरवर करत. कारण हिवाळ्यात शरीर सुस्तावलेलं असतं. जड गिअर दामटला की गुडघे धरतात. लहान गिअरवर जोर कमी आणि फेऱ्या जास्त.

हिशेब करून बघू. पुढे ४२ दाते, मागे १८, चाक २७ इंची. गिअर ६३ इंची, एका फेरीत पाच मीटर. ताशी ३० किलोमीटर वेग राखायचा तर मिनिटाला शंभर फेऱ्या हव्यात. उतारावर वेग ४५ वर गेला तर दीडशे! आणि पाय थांबवायची मुभा नाही. दीडशे फेऱ्यांना ज्याचे पाय ओबडधोबड फिरतात, तो सीटवर उसळायला लागतो. म्हणून पाय आपोआप गोल, सैल आणि हलके फिरायला शिकतात. फ्रेंच सायकलपटू या गुणाला ‘सुप्लेस’ म्हणतात. आपल्या तबलजींच्या भाषेत सांगायचं तर द्रुत लयीत हात आखडू न देणं.

या सरावाचं सगळ्यात चिवट घर होतं इंग्लंड. त्यालाही इतिहास आहे. १८९० च्या दशकात रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींना पोलिसांचा आणि जनतेचा विरोध वाढला, तेव्हा राष्ट्रीय सायकल संघटनेनेच त्यांच्यावर बंदी घातली. वाट काढली एफ. टी. बिडलेक यांनी. १८९५ साली त्यांनी टाइम ट्रायलचा प्रकार बसवला : एकेकाने ठरावीक अंतराने निघायचं आणि घड्याळाशी लढायचं. पहाटे निघायचं, अंगात काळे कपडे, मार्गांना नावांऐवजी सांकेतिक खुणा, म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर यायला नको. बराचसा सपाट रस्ता, कोणाच्या मागे लपणं नाही, अचानक हल्ले नाहीत. अशा शर्यतीला एक गिअर पुरतो. म्हणून इंग्लंडमध्ये तो शर्यतीतही टिकला. हंगामाच्या सुरुवातीला तर ‘मध्यम गिअर’च्या स्पर्धा होत, त्यात ७२ इंचांपेक्षा मोठा गिअर चालत नसे. मघाचा आकडा आठवला? तोच. ज्याला वेग हवा त्याने दाते वाढवायचे नाहीत, पाय भराभर फिरवायचे.

आणि ही मंडळी होती कोण? बहुतांश गिरण्या-कारखान्यांतले कामगार, कारकून, शिकाऊ कारागीर. एकच सायकल. तिला मडगार्ड लावून आठवडाभर कामावर जायचं, रविवारी क्लबच्या लांब फेरीला जायचं आणि स्पर्धेच्या दिवशी मडगार्ड काढून शर्यत करायची. फिक्स्ड गिअरला भाग कमी, दुरुस्ती कमी, खर्च कमी. चिखलापावसाच्या हिवाळ्यात महागडं यंत्र झिजवण्यापेक्षा हे परवडायचं. सरावाची ही पद्धत कोणा शास्त्रज्ञाने सांगितलेली नव्हती, खिशाने ठरवलेली होती. तिचे फायदे नंतर ध्यानात आले.

त्याचं शिखर बघायचं तर १९५६ चा ऑगस्ट. बाथ रोडवरच्या शंभर मैलांच्या शर्यतीत रे बूटी याने ३ तास ५८ मिनिटं २८ सेकंद अशी वेळ नोंदवली. स्पर्धेत शंभर मैल चार तासांच्या आत कापणारा तो पहिला. गिअर एकच, फिक्स्ड, ८४ इंची. हिशेब केला तर चार तासांत सुमारे चोवीस हजार फेऱ्या होतात, मिनिटाला शंभर, एकदाही पाय न थांबवता. गिअर मिळत नव्हते म्हणून नव्हे. बाजारात तेव्हा भरपूर गिअर होते. त्याने हे निवडलं होतं.

आता जरा तटस्थपणे विचारू : फिक्स्ड गिअर खरंच काय शिकवतो? पहिली गोष्ट म्हणजे वेळ. दोन तासांच्या फेरीत आपण नेहमीच्या सायकलवर बराच वेळ नुसते घरंगळत असतो. इथे दोन तास म्हणजे दोन तास पेडल. कमी दिवसाच्या हिवाळ्यात ही मोठी बचत. दुसरी गोष्ट, लय. चढावर सावकाश आणि ताकदीने, उतारावर भराभर आणि हलक्या पायाने. एकाच फेरीत दोन्ही टोकं. तिसरी, नजर. वेग पायांनीच आवरायचा असल्याने पुढचा खड्डा, वळण, गर्दी फार आधी हेरावी लागते.

आणि काय शिकवत नाही? ‘पेडल वर ओढायला शिकवतो’ असा एक समज आहे. प्रयोगशाळांतल्या मोजमापांत दिसलंय, की उत्तम सायकलपटूदेखील वेग मुख्यतः पेडल खाली दाबूनच मिळवतात. फिक्स्ड गिअरवर मागून वर येणारा पाय चाकच उचलून देतं, त्यात आपलं कर्तृत्व थोडं. हृदयाची आणि फुप्फुसांची क्षमता तर गिअरच्या सायकलवरही तितकीच वाढते. आजचा प्रशिक्षक पायांची ताकद मोजणारं यंत्र लावून, फेऱ्या ठरवून देऊन हाच सराव करून घेऊ शकतो. म्हणजे ही सायकल जादूची नाही, ती एक शाळा आहे. शाळेत जे शिकायचं ते घरीही शिकता येतं. फरक इतकाच, की शाळेत हजेरी चुकवता येत नाही.

धोकेही सांगायला हवेत, कारण हे ऐकून कोणी उद्याच फ्रीव्हील काढून टाकेल. पुढचा ब्रेक हवाच. केवळ पायांनी रेटून थांबणं रस्त्यावर पुरेसं नसतं. वळणावर सायकल कलंडली की फिरतं पेडल जमिनीला घासू शकतं. साखळी सैल राहून निसटली तर मागचं चाक अडकू शकतं. आणि लांब, तीव्र उताराचा घाट फिक्स्ड गिअरवर उतरणं हे नवशिक्याचं काम नाही. ज्याला नुसता एका गिअरचा सराव करायचाय, त्याने फ्रीव्हील ठेवूनच केला तरी लयीचा निम्मा धडा मिळतो.

फिक्स्ड गिअर आज कुठे उरलाय? ट्रॅकवर तर तो नियमानेच आहे. १९७२ साली मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले ते फिक्स्ड गिअरवर, पुढे ५२ आणि मागे १४ दाते लावून. तोवर टूर चार वेळा जिंकलेला, डोंगरात गिअरवर राज्य करणारा हा माणूस. देग्रांजच्या ३५ किलोमीटरपासून इथवर तासाचा विक्रम आला, पण साखळीची रचना तीच. अमेरिकेत शहरांतल्या टपाल्यांनी, म्हणजे सायकलवरून कागदपत्रं पोचवणाऱ्यांनी, ही सायकल उचलली. न्यूयॉर्कमध्ये हेच काम करणारा नेल्सन व्हेल्स १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटचं रौप्यपदक घेऊन गेला.

मग कष्टांच्या त्या प्रश्नाचं काय? देग्रांजला एक गोष्ट बरोबर दिसली होती : मर्यादा माणसाला शिकवते. पण ती मर्यादा त्याने दुसऱ्यांवर लादली, भर घाटात, पोटासाठी धावणाऱ्या माणसांवर. तिथे तिने फारसं शिकवलं नाही, दमवलं. वेलोसिओचं बरोबर ठरलं, गिअर आले, आणि कोणाचं पौरुष बुडालं नाही. नियम गेला तेव्हाच एका गिअरचं खरं मोल कळलं. ज्यांना सोय होती त्यांनीच ती काही महिन्यांपुरती बाजूला ठेवली, ठरवून, मोजून, गुडघ्यांची काळजी घेऊन. लादलेले कष्ट आणि निवडलेले कष्ट यांचा घाम सारखाच दिसतो, पण हिशेब वेगळा असतो.

हे आपल्याकडच्या सायकलींबद्दल बोलतानाही लक्षात ठेवू या. ज्याला रोज सामान लादून एका गिअरवर चढ चढावा लागतो, त्याच्या कष्टांचं गुणगान करणं सोपं आहे. त्याला हलका गिअर मिळणं जास्त महत्त्वाचं. आणि ज्याच्या सायकलला वीस-बावीस गिअर आहेत, त्याने थंडीचे दोन महिने एका हलक्या गिअरवर साखळी ठेवून, पाय न थांबवता फेरी मारून पाहावी. नवीन काही विकत घ्यायची गरज नाही.

आजच्यापुरतं इथे थांबतो. तुमच्या गावात, तुमच्या राज्यात सायकल शर्यतींची जुनी परंपरा असेल, घरातल्या कोणी जुन्या एका गिअरवर शर्यती मारल्या असतील, तर त्या आठवणी लिहून ठेवा, ज्येष्ठांना विचारून ठेवा. असा इतिहास सरकारी दप्तरात क्वचितच सापडतो. भेटू पुढच्या विषयाला.